वायरवरच लिहा

संपादक महोदय,

मोबाइल, लॅपटॉप, इअरफोन, आईचा फोन. आमच्या घरात आता सगळ्यांना एकच चार्जर चालतो. युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या मोबाइलना टाइप-सी हे चार्जिंगचं एकसारखं तोंड सक्तीचं केलं, आयफोन तर २०२३ मध्येच त्या वाटेवर आला. गावी जाताना पिशवीत एकच वायर टाकायची, हे सुख लहान नाही.

ती वायर विकत घेताना मात्र पंचाईत होते. दिसायला सगळ्या सारख्या. एक ६० वॅटपर्यंत चालते, दुसरी २४० वॅटपर्यंत, तिसरी नुसतं चार्जिंग करते. गेल्या महिन्यात आईच्या फोनमधले बाबांचे फोटो उतरवायला बसलो, तर लॅपटॉपला फोन दिसेचना. फोन बिघडला, फोटो गेले, म्हणून ती दुपारभर हवालदिल. शेवटी शेजाऱ्यांची वायर लावली आणि फोटो भराभर उतरले. बाबांचा एसटी स्टँडवरचा फोटो मोठ्या पडद्यावर दिसला, तेव्हा आईचा चेहरा काय उजळला!

वायरच्या टोकावरच वॅटचा आकडा आणि डेटाची खूण ठळक छापणं सरकारने सक्तीचं करावं. खोक्यावर छापून भागत नाही. खोकं पहिल्याच दिवशी रद्दीत जातं.

– एक वाचक, कराड