‘प्रकाशाची कात्री’ आणि माझे जुने पाप

मा. संपादक,
स. न.

रविवारच्या पुरवणीतला, लेसरने रेणू कापणाऱ्या ‘प्रकाशाच्या कात्री’वरचा लेख वाचला. मीच चुकीचे वाचले की काय, म्हणून काल पुन्हा वाचला. नाही, ‘लेसर हव्या त्या बंधावर (म्हणजे रेणूतल्या अणूंना जोडणाऱ्या दुव्यावर) रोखायचा’ असे खरोखरच छापले आहे. अहो, या लेसरची तरंगलांबी 800 नॅनोमीटर, आणि लहानसा रेणू एक नॅनोमीटरसुद्धा भरत नाही. रोडरोलर घेऊन तिळाची साल काढायला निघालात की!

ते एक वेळ सोडून देऊ. पण ‘बंधाच्या कंपनाशी लेसर जुळवला की तेवढाच बंध तुटतो’ हे वाक्य मला झोंबले, कारण ते माझेच आहे. ऐंशीच्या दशकात अलिबागजवळच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी ते छाती फुगवून शिकवत असे. एकदा कोळीवाड्यातली एक विद्यार्थिनी उठून म्हणाली, “सर, जाळ्याची एक गाठ ओढली तर सगळंच जाळं हलतं ना?” मी म्हणालो, “परीक्षेला नाही ते. बस खाली.” बरोबर तीच होती. एका बंधाला दिलेली ऊर्जा बहुतेक वेळा काही पिकोसेकंदांत (पिकोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जांशाचा हजारावा भाग) साऱ्या रेणूभर पसरते आणि शेवटी तुटतो तो सर्वांत कमकुवत बंध. हे मला कळेपर्यंत दहा वर्षे गेली. त्या काळात किती मुलांनी माझी वही उतरवून घेतली असेल! आता तेच तुम्ही लाखांच्या खपाने वाटताय.

म्हणून तर लेसरच्या स्पंदाला, म्हणजे त्याच्या क्षणभराच्या झोताला, आकार द्यावा लागतो. त्यातले रंग फाकवायचे, कोणता पुढे धावेल, कोणता रेंगाळेल ते ठरवायचे आणि पुन्हा एकत्र आणायचे. योग्य आकार माणसाला सुचत नाही. संगणकाने स्पंद सोडावेत, तुकडे मोजावेत, बरे ते ठेवावेत, ही जडसन आणि रॅबिट्झ या शास्त्रज्ञांची 1992 ची कल्पना. 1998 मध्ये जर्मनीत व्युर्ट्सबुर्गला गेर्बर यांच्या गटाने लोहाच्या एका संयुगावर ती करून दाखवली. एका आकाराने दोन तुकड्यांचे एकमेकांशी प्रमाण चढले, दुसऱ्याने उतरले. तोच आकार का लागू पडला, हे मात्र संगणक सांगत नाही. ‘बस खाली’ म्हणणारा आणखी एक मास्तर!

आणि 2001 मध्ये लेव्हिस, मेन्किर व रॅबिट्झ यांनी ॲसिटोफेनोन हे संयुग तोडून त्याचेच तुकडे जोडून टोल्युइन हे दुसरे संयुग मिळवले. कात्रीने कापड शिवलेले लेखकमहाशयांनी कुठे पाहिले, ते कळवावे.

शिवाय हे स्पंद ज्यात मोजतात तो फेमटोसेकंद म्हणजे तुम्ही छापलेला ‘सेकंदाचा अब्जांश’ नव्हे, त्या अब्जांशाचाही दहा लाखावा भाग. छायाचित्रातला हिरवा झोत बहुधा विसर्जन मिरवणुकीतला असावा. 800 नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्यांना जेमतेम दिसतो.

जाता जाता, शब्दकोड्याचे उत्तर सलग दोन रविवार छापलेले नाही. आडवा 14 माझा अजून अडलेला आहे.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक, अलिबाग