रंग मारू न दिल्याबद्दल

ती. स्व. काकांस,
साष्टांग नमस्कार.

मी घरी जोडलेली गाडी तपासणीत पास झाली. फोनवर सांगितलं होतंच, पण तुम्ही "बरं झालं, आता इन्शुरन्स काढ" एवढंच म्हणालात आणि विषय कांद्याच्या भावावर नेलात. आभार मानायला लागलं की तुमचं हे असंच असतं. म्हणून हे पत्र, आणि तेही उघडं, चारचौघांनी वाचावं असं. तुमचं नाव कुठे घेतलेलं नाही, त्यामुळे रागावायला जागा नाही. सूनबाई वाचून दाखवतील. मध्येच "पुरे" म्हणू नका.

इतर वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगतो. आम्ही इंग्लंडमध्ये, बर्मिंगहॅमच्या बाहेर टॅमवर्थच्या बाजूला राहतो. घराला लागून असलेल्या गॅरेजात मी बरीच वर्षं एक किट कार, म्हणजे सुट्या भागांच्या संचातून घरी उभी करायची गाडी, जोडत होतो. दिसायला ती 1930च्या दशकातली इंग्लिश रोडस्टर, उघड्या टपाची दोन आसनी गाडी, आहे: लांब बॉनेट, बाहेर काढलेले गोल दिवे, चाकावरून वळून पायरीपर्यंत उतरणारे मडगार्ड. आत मात्र एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचं 1800 सीसीचं इंजिन, तिचेच ॲक्सल आणि तिचंच स्टिअरिंग. 1962 ते 1980 या काळात ॲबिंग्डनच्या कारखान्यात एमजीबी पाच लाखांवर बनल्या. त्यामुळे गंजून बसलेली एखादी स्वस्तात मिळते आणि किटवाल्यांचं फावतं. या देशाला हा नाद जुनाच आहे. 1957 साली आलेल्या लोटस सेव्हन या गाडीचे सुटे भाग नेऊन घरी जोडले तर खरेदीकर वाचत असे. 1973 मध्ये व्हॅट आला, सवलत गेली, नाद राहिला.

काका सहा महिन्यांच्या व्हिसावर मुलाकडे आले होते, आमच्या पलीकडच्या गल्लीत. संध्याकाळी फिरायला निघायचे ते माझ्या उघड्या गॅरेजासमोर थांबायचे. आमच्याकडे येणारा प्रत्येक मराठी माणूस आधी "किती पडले?" विचारतो. काका, तुम्ही मडगार्डावर बोटाचं पेर टकटक वाजवलंत आणि म्हणालात, "फायबर. आपल्या डॉल्फिनसारखी."

सिपानी डॉल्फिन किती जणांना आठवत असेल कोण जाणे. 1982 साली बंगळूरहून आलेली, फायबरच्या बॉडीची छोटी दोन दरवाजांची गाडी. नाना पेठेतल्या तुमच्या गॅरेजात एका डॉक्टरांची डॉल्फिन वरचेवर यायची, कारण तिच्या कोपऱ्यांना तडे जायचे आणि पत्र्यावर काम केलेले बाकीचे कारागीर तिला हात लावायला तयार नसायचे. ती मुळात रिलायंट या ब्रिटिश कंपनीची किटन नावाची गाडी, आणि रिलायंटचा कारखाना होता आमच्या टॅमवर्थला. मी हे सांगितलं तेव्हा तुम्ही इतकंच म्हणालात, "म्हणजे तडे इथूनच आले होते."

त्यानंतर तुम्ही रोज येऊ लागलात आणि मी तुमच्या हाताखालचा पोऱ्या झालो.

सुरुवातीला रंगाचं नावही काढू दिलं नाहीत. "आधी हिला आंघोळ घाल." बॉडी साच्यातून सुटावी म्हणून साच्याला मेण लावलेलं असतं, ते तिच्या अंगाला लागून येतं. तसाच घासायचा पेपर मारला तर मेण ओरखड्यांत चोळलं जातं आणि पुढे त्यावर रंग धरत नाही. म्हणून कोमट साबणाचं पाणी, मग मेण काढायचं सॉल्व्हंट, एका फडक्यानं लावायचं आणि सुकायच्या आत दुसऱ्यानं पुसून घ्यायचं. तेच फडकं परत वापरलं की तुमच्या भुवया वर जायच्या.

साच्याचे भाग जुळतात तिथे बॉडीवर शिवण उठलेली असते. ती घासून काढली की वरच्या जेलकोटखाली, म्हणजे बाहेरच्या गुळगुळीत थराखाली, अडकलेले हवेचे बुडबुडे उघडे पडतात, टाचणीच्या टोकाएवढे. प्रायमरनं भरून जातील असं मला वाटत होतं. तुम्ही सरळ एक जाड सुई मागितलीत आणि एकेक भोक उकरून मोठं केलंत. वरून झाकलेल्या भोकात हवा राहते, ऊन लागलं की ती फुगते आणि तयार रंगाला फोड आणते. तड्यांचंही तसंच. आधी खोदायचा, तळापर्यंत व्ही आकारात उघडायचा, मग भरायचा. डॉक्टरांच्या डॉल्फिनला तुमच्या आधी कोणीतरी नुसती वरून लांबी, म्हणजे खड्डे भरायची पुट्टी, फासली होती, हे तुम्ही अजून विसरला नाही आहात.

लांबीचा तर तुम्ही शाळेसारखा वर्गच घेतलात. काचेच्या तुकड्यावर कालवायची, कारण पुठ्ठा तिच्यातलं रसायन शोषतो. जाड थापायची नाही. आणि उघड्या लांबीवर पाणी अजिबात नाही, ती पाणी पिते आणि पुढे रंगाखाली फुगते. ओला पेपर नंतर, सरफेसर म्हणजे घासून सपाट करायचा जाड प्रायमर चढल्यावर. सपाट जागेला हातभर लांब लाकडी ठोकळा आणि मडगार्डच्या वळणाला मुलाच्या जुन्या स्लिपरचा कापलेला तळवा. मी दुकानातून आणलेले निळे-पिवळे फोमचे ठोकळे तुम्ही उलटेपालटे करून बघितलेत आणि स्लिपरच वापरलीत. मीही आता तीच वापरतो. तुमचा मुलगा ती अजून शोधतो आहे, हे इथे कळवून टाकतो.

सरफेसरवर काळ्या स्प्रेची अगदी विरळ धूळ उडवायची आणि मग घासायचं, हे मी वाचलेलं होतं. उंचवट्यावरचं काळं लगेच जातं, खड्ड्यातलं राहतं. पण तळहात आणि बॉडी यांच्यामध्ये पातळ सुती कापड धरून हात फिरवला की लाट जास्त स्पष्ट कळते, हे कुठे लिहिलेलं नव्हतं. तुम्ही डोळे मिटून बॉनेटवरून हात फिरवायचा आणि पेन्सिलीनं गोल काढायचा. मला तिथे काहीच दिसायचं नाही. काळी धूळ उडवून घासलं की त्या गोलात काळं उरलेलं असायचं.

कडांचंही तुमच्यामुळेच निभावलं. घरी बनवलेल्या गाडीला इथे रस्त्यावर यायचं तर एक तपासणी पास व्हावी लागते, आणि तिच्यात अंगाला लागेल अशी बाहेरची कड अडीच मिलिमीटर त्रिज्येइतकी तरी गोल लागते. मी हा नियम दाखवला तर तुम्ही म्हणालात, सरकारनं सांगायला कशाला हवं, धारदार कडेवर रंग थांबतच नाही, ओढला जाऊन पातळ होतो आणि तिथूनच उडतो. मग मडगार्डची प्रत्येक कड आपण आतून-बाहेरून गोल केली. तुम्हाला खरं नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. माणसानं घरी गाडी बनवायची आणि सरकारनं तिला नंबर द्यायचा! आपल्याकडे गाडीत साधा बदल करायचा तरी मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आडवं येतं. तुम्ही सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेच्या दत्तात्रय लोहारांची आठवण काढलीत, भंगारातून किकवर चालू होणारी जीप बनवणाऱ्या. आनंद महिंद्रांनी ती घेऊन त्यांना बोलेरो दिली, हे सगळ्यांना माहीत आहे. "बोलेरो मिळाली ते छान," तुम्ही म्हणालात, "पण त्याच्या जीपला नंबर मिळाला असता तर मजा होती."

आता मुख्य गोष्ट.

रंग मी स्वतः मारणार होतो. कॉम्प्रेसर आणला होता, गन आणली होती, गॅरेजला प्लास्टिकचे पडदे लावून बूथ, म्हणजे रंग मारायची बंद खोली, बनवायचा बेत पक्का होता. वायरिंगपासून ब्रेकच्या पायपापर्यंत सगळं एकहाती केलेलं, तेव्हा रंग दुसऱ्याच्या हातून कसा? टू-के रंगाचे, म्हणजे रंग आणि त्यात मिसळून त्याला कडक करणारा हार्डनर अशा जोडीचे, डबे फळीवर ओळीनं लावून ठेवले होते. तुम्ही हार्डनरचा डबा उचललात, चष्मा कपाळावर सरकवून लेबल वाचलंत, "आयसोसायनेट" या शब्दावर बोट ठेवलंत. मग खिशातला दम्याचा पंप काढून बॉनेटवर ठेवलात.

"हा पीयू आल्यापासूनचा."

तुम्ही कामाला लागलात तेव्हा ड्युको होता, थिनरमध्ये पातळ करून मारायचा जुना रंग. थिनरनं डोकं गरगरायचं, पण घरी जाऊन झोपलं की उतरायचं. रबिंग करून करून हात भरून यायचे. मग पीयू आला, म्हणजे पॉलियुरेथेन, हार्डनर मिसळायचा असाच रंग. गनमधून निघतानाच चकाकी, रबिंगची कटकट नाही, मालक खूश, गॅरेजवाला खूश. तुम्ही तोंडाला ओला रुमाल बांधून मारत राहिलात, सगळेच तसं करायचे. बरीच वर्षं काही झालं नाही. मग एका पावसाळ्यात छाती आवळली, ती पुढे गल्लीत दुसरा कोणी पीयू मारत असला तरी आवळू लागली. रंगाचं काम सोडून तुम्ही काउंटरवर बसलात.

मी नंतर वाचलं. एकदा शरीरानं आयसोसायनेटचं वावडं धरलं की मग अगदी थोड्या मात्रेनंही दम्याचा झटका येतो. ब्रिटनचं आरोग्य-सुरक्षा खातं कामामुळे होणाऱ्या दम्याच्या मुख्य कारणांत त्याला धरतं, आणि फवाऱ्याच्या वेळी बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्कच लागतो असं सांगतं. नाकाला कळेपर्यंत मात्रा धोक्याच्या पुढे गेलेली असू शकते, त्यामुळे वास येत नाही म्हणून निर्धास्त राहायची सोय नाही. शिवाय फवाऱ्याचं बारीक धुकं काम थांबल्यावरही हवेत राहतं. माझ्या गॅरेजाचं आतलं दार स्वयंपाकघरात उघडतं.

तरी मी हुज्जत घातली. इथे कितीतरी जण घरी मारतात, मी चांगला फिल्टरचा मास्क आणतो, पंखा लावतो, वगैरे. आणि शेवटी मनातलं बोललो, की मग ही गाडी मी बनवली असं कसं म्हणू? तुम्ही टायरला पाय लावलात.

"हे काय घरी ओतलेस?"

काका, पेपर कसा धरायचा ते मला दुसऱ्या कोणीही शिकवलं असतं. हे वाक्य तुमच्याशिवाय कोणी बोललं नसतं, कारण ते बोलायला खिशात पंप लागतो. तुम्हाला माझा हिरमोड करायचा नव्हता. गन हातात घ्यायची सर्वात जास्त हौस तुम्हालाच होती, ते दिसत होतं. कॉम्प्रेसर चालू करून तुम्ही नुसतं पाणी भरून गन चालवून बघितलीत, फवाऱ्याच्या पंख्याचा आकार जमवलात, आणि परत बंद करून ठेवलीत.

चासीला आपण ब्रशनं इनॅमल लावलं, त्यात हार्डनर नव्हता, तेवढी हौस भागली. बॉडी बाहेरच्या एका धंदेवाईक बूथमध्ये रंगायला गेली. रंग निवडतानाही तुमचं ऐकलं. मला गडद हिरवा हवा होता. गडद रंग उन्हात तापतो आणि फायबरच्या आतल्या धाग्यांची जाळी वर उमटते, म्हणून फिका घे म्हणालात. ओल्ड इंग्लिश व्हाइट हा एमजीचा जुना रंग निघाला, सायीसारखा. बूथवाल्याला भट्टीचं तापमानही कमी ठेवायला तुम्हीच सांगायला लावलंत, पत्र्याइतकी उष्णता फायबरला सोसत नाही म्हणून. तो माणूस आधी जरा गुर्मीत होता. मग त्यानं हातमोजा घालून मडगार्डवरून तळहात फिरवला, आतल्या वळणावर थांबला, वाकून बघितलं. तिथे तुमचा पेन्सिलीचा गोल आधीच होता, आपण तो भरून घासून घेतला होता, फक्त खूण पुसायची राहिली होती. त्यानंतर तो तुमच्याशी बोलू लागला. तुम्ही मराठीत आणि तो इंग्लिशमध्ये, मला मध्ये पडायची गरज भासली नाही.

रंग पुरता कडक व्हायच्या आत तुमचा व्हिसा संपला. पुढचं फोनवर झालं. 1500चा पेपर, मग 2000, पाण्यात साबणाचा एक थेंब, कडांना टेप लावून ठेवायची कारण तिथला रंग क्षणात घासून जातो, मग फोमच्या पॅडवर कंपाउंड, मशीन हळू. पुण्यात रात्रीचे अकरा वाजलेले असायचे आणि तुम्ही मोबाइलच्या पडद्यावर बघून "उजेड आडवा धर" म्हणायचा. संत्र्याच्या सालीसारखी खरखर गेली, तशी मडगार्डात गॅरेजची ट्यूबलाइट सरळ दिसू लागली, वाकडी नाही. मडगार्ड आणि बॉडी यांच्यामधली पायपिंग, म्हणजे फटीत बसणारी गोल पट्टी, बसवताना मात्र मला घाम फुटला. बोल्ट आवळला की ती एका बाजूला पळते. त्यावर तुमच्याकडे काही युक्ती असेल तर कळवा. एक बाजू अजून मनासारखी नाही.

तपासनिसानं कडांवरून बोट फिरवलं आणि काही न बोलता पुढे गेला. आपल्या गाडीत नवं-जुनं मिसळलेलं, वय नक्की ठरत नाही, म्हणून नंबर क्यूनं सुरू होणारा मिळाला आहे. पाटी परवा लागली.

उरलेले टू-केचे डबे मी बूथवाल्याला देऊन टाकले. गन ठेवली आहे. पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही आलात की फाटकाला इनॅमल मारायचं आहे, अंगणात, मोकळ्यावर. मास्क तुमच्यासाठीही आणतो, नको म्हणू नका. काकूंना नमस्कार, आणि इन्शुरन्स काढला आहे.

आपला,
पलीकडच्या गल्लीतला पोऱ्या