जादा वेळ दिला, साधन कधी देणार?

महोदय,

गेली अनेक वर्षे मी नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना शिकवते. डिस्लेक्सिया, म्हणजे वाचताना-लिहिताना अक्षरे व स्पेलिंग ओळखण्यात अडचण, असलेली काही मुले-मुली आमच्याकडे येतात, ती बोर्डाच्या सवलतींच्या आधाराने बारावी पार करून. तिथे त्यांना जादा वेळ मिळतो, लेखनिक मिळतो, शुद्धलेखनाच्या चुकांचे गुण कापले जात नाहीत. पुढे मात्र जादा वेळ तेवढा उरतो, आणि तोही कधी भांडून घ्यावा लागतो. २०२१च्या ‘नीट’मध्ये डिसग्राफिया (लिहिण्यातली अशीच अडचण) असलेल्या एका विद्यार्थिनीला हक्काचा जादा तास नाकारला गेला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले.

पण आमच्या वर्गातली खरी अडचण वेळेची नाहीच. कमरेचे हाड इलियम आणि लहान आतड्याचा शेवटचा भागही इलियम. इंग्रजी स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक, उच्चार तोच. गिळताना त्रास होणे म्हणजे डिस्फेजिया, मेंदूच्या इजेमुळे भाषा बिघडणे म्हणजे डिस्फेझिया. हायड्रॅलाझिन रक्तदाबासाठी, हायड्रॉक्सिझिन खाजेसाठी. यातला प्रत्येक शब्द आपापल्या जागी बरोबर, त्यामुळे साधा स्पेलचेक गप्प बसतो. अर्धा तास वाढवून दिल्याने हा गोंधळ सुटणार कसा?

त्यासाठी वैद्यकीय शब्दकोश जोडलेला स्पेलचेक हवा. त्यात शब्दासोबत अर्थ आणि चित्र दिसावे, मजकूर वाचून दाखवता यावा. वाचून दाखवण्याची सोय तर आज बहुतेक मोबाइलमध्ये फुकट असते. एक अट मात्र मी आग्रहाने घालेन: ऑटोकरेक्ट बंदच हवा. औषधाचे नाव यंत्राने परस्पर बदलणे जिवावर बेतू शकते. यंत्राने पर्याय दाखवावेत, निवड विद्यार्थ्याने करावी.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात ‘विशिष्ट अध्ययन अक्षमता’ (डिस्लेक्सिया त्यातच येतो) स्पष्टपणे नोंदवलेली आहे. त्याच कायद्याच्या सतराव्या कलमात पुस्तके आणि साहाय्यक साधने मोफत देण्याची तरतूद आहे, पण ती अठराव्या वर्षापर्यंतच. म्हणजे मूल नर्सिंग किंवा एमबीबीएसला येते, नेमकी तेव्हाच ती संपते! ब्रिटनमध्ये विद्यापीठात शिकणाऱ्या अशा विद्यार्थ्यांना सॉफ्टवेअरसाठी सरकारी भत्ता मिळतो.

‘पेशंटसमोर मोबाइल काढून स्पेलिंग बघणार का?’ असे सहकारी विचारतात. औषध देण्याआधी नाव, मात्रा, मार्ग, वेळ आणि रुग्ण पडताळून पाहा, हे आम्हीच पहिल्या वर्षापासून शिकवतो. खात्री करून घेणारी नर्स मला अंदाजाने लिहिणाऱ्या नर्सपेक्षा कितीतरी सुरक्षित वाटते. रुग्णाच्या गोपनीयतेची काळजी रास्तच आहे; म्हणून कॅमेरा आणि इंटरनेट बंद असलेला, संस्थेचाच टॅब वॉर्डात ठेवावा. औषधांची नावे अचूक येतात का, हे परीक्षेत जरूर तपासावे. पण शुश्रूषेचा क्रम विचारलेल्या उत्तरात ‘डायरिया’चे स्पेलिंग चुकले म्हणून गुण कापणे अन्यायाचे आहे.

नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने आणि राज्याच्या शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळाने याबाबत लेखी परिपत्रक काढावे. आज सगळे प्राचार्यांच्या मर्जीवर चालते. एका कॉलेजात टॅब चालतो, दुसरीकडे तो जप्त होतो. नवे वर्ग सुरू होण्यापूर्वी हा निर्णय व्हावा, ही विनंती.

– एक नर्सिंग शिक्षिका, सांगली