तयार तक्त्याचे चित्र आणि चित्राचा पुन्हा तक्ता

प्रति,
संपादक महोदय,

आमच्या तालुक्यात गेल्या तीन उन्हाळ्यांत गावोगावी टँकरच्या किती खेपा मंजूर झाल्या आणि प्रत्यक्षात किती झाल्या, याची माहिती आम्ही काही निवृत्त मंडळींनी माहितीच्या अधिकारात मागितली होती. ती मुदतीत मिळाली, त्याबद्दल तक्रार नाही. पानाला २ रुपये या दराने १४६ पानांचे २९२ रुपये भरले आणि गठ्ठा हाती आला. मात्र अर्जात ‘एक्सेल तक्त्याच्या स्वरूपात, ईमेलने’ असे स्पष्ट लिहिलेले असताना आम्हाला मिळाल्या त्या झेरॉक्स प्रती, आणि पुन्हा विनंती केल्यावर ईमेलने आले ते त्याच झेरॉक्सचे स्कॅन. काही पाने तिरकी, तर काहींवर गोल शिक्का नेमका ‘एकूण’च्या रकान्यावर. हे तक्ते मुळात संगणकावरच केलेले आहेत, हे अक्षरांवरून आणि आखीव रेषांवरून उघड दिसत होते. म्हणजे कार्यालयाने तयार तक्ता छापला, त्यावर सही-शिक्का केला आणि कागदाचे चित्र काढून आम्हाला दिले. आम्ही तीन आठवडे बसून त्या चित्राचा पुन्हा तक्ता केला.

हे काम आता संगणक आपोआप करतो, असा एक समज आहे आणि तो निम्माच खरा आहे. ज्या पीडीएफमधील मजकूर माउसने निवडता येतो, तिच्यातील रकाने ‘टॅब्युला’सारख्या मोफत साधनाने बऱ्याच अंशी नीट उचलले जातात, पण स्कॅन केलेले पान म्हणजे संगणकाच्या लेखी निव्वळ छायाचित्र असते आणि त्यातली अक्षरे आधी ओळखावी लागतात. ‘टेसरॅक्ट’ हे त्यासाठीचे मोफत साधन मराठीही ओळखते. तरीही आमच्या पानांवर देवनागरी १ आणि ९ यांची जी गल्लत झाली, तिच्यामुळे एका वाडीला एका दिवसात टँकरच्या ९ खेपा झाल्याचे दिसू लागले आणि आमच्यापैकी एकाने ठेकेदाराविरुद्ध तक्रारीचा मसुदाही लिहून ठेवला. मी उमेदीची सगळी वर्षे हिशेब तपासण्यात घालवली असल्याने, सवयीने त्या पानाची बेरीज करून खालच्या ‘एकूण’शी ताळा घेतला, तेव्हा नेमका ८ चा फरक निघाला. मूळ कागदावर खेप एकच होती. शिक्क्याखाली तो ‘एकूण’ झाकला गेला असता, तर एका निर्दोष माणसावर आम्ही किटाळ आणले असते.

बाकीच्या चुका इतक्या नाट्यमय नव्हत्या, पण वेळ त्यांनीच अधिक खाल्ला. दोन ओळींत मोडलेले वाडीचे नाव दोन वेगळी गावे झाले. मंडळाचे नाव पहिल्या ओळीत एकदाच लिहून खालचे चौकोन जोडलेले असल्याने पुढच्या वीस-वीस ओळी मंडळावाचून राहिल्या. कारकुनाने ‘ऐजन’साठी घातलेल्या दोन टिंबांच्या खुणेचे अनेक ठिकाणी ११ झाले. अधिग्रहित विहिरींच्या यादीत तर आणखीच गंमत झाली, तिथे १२/३ असा गट क्रमांक इंग्रजी अंकांत उतरला, की एक्सेल त्याची १२ मार्च ही तारीख करून टाकते (या न्यायाने आपल्या सातबाराचा ७ डिसेंबर होतो!). रकाना आधीच ‘मजकूर’ म्हणून ठरवून ठेवला तर हे टळते, पण ते आम्हाला दोनशे विहिरी उलगडून झाल्यावर कळले.

कायद्याकडे पाहिले तर हा सारा खटाटोप नागरिकाच्या माथी मारण्याचे कारण दिसत नाही. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ मध्ये अभिलेखांचे संगणकीकरण करण्याचे कर्तव्य कार्यालयांवर टाकले आहे. माहिती संगणकात असेल तर ती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात मिळवणे हा त्या अधिकाराच्या व्याख्येचाच भाग आहे. आणि कलम ७(९) सांगते, की ज्या स्वरूपात माहिती मागितली असेल त्या स्वरूपात ती सामान्यतः द्यावी, अपवाद फक्त कार्यालयाच्या साधनसामग्रीवर अवाजवी ताण पडत असेल किंवा अभिलेखाच्या सुरक्षिततेला बाधा येत असेल तेव्हाचा. तयार असलेली फाइल ईमेलला जोडण्यात ताण कसला, उलट १४६ पाने छापून स्कॅन करण्यातच तो अधिक आहे.

तक्ता दिला तर कोणी आकडे बदलील, अशी भीती आम्हाला तोंडी सांगण्यात आली. ती अगदीच निराधार नाही. परंतु सही असलेली पीडीएफ हीच अधिकृत प्रत राहील आणि सोबतचा तक्ता केवळ वापरासाठी असेल, असे एका ओळीत लिहिले, की वाद उद्भवल्यास कोणता कागद ग्राह्य धरायचा हे ठरलेलेच असते. माहितीच्या खासगीपणाचा आक्षेप काही बाबतींत विचार करण्याजोगा आहे. मजकूर शोधता येईल अशा स्वरूपात मतदार याद्या देण्याची मागणी सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये मान्य केली नाही, तेव्हा हा मुद्दा चर्चेत होता. टँकरच्या खेपांत मात्र कोणाचे खासगी आयुष्य दडलेले नाही.

हा प्रश्न आमच्या तालुक्यापुरता नाही. निवडणूक रोख्यांची माहिती १४ मार्च २०२४ रोजी निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर आली ती पीडीएफच्या शेकडो पानांत, आणि देशभरातील पत्रकार व स्वयंसेवकांना पहिले काही तास तिचे तक्ते करण्यातच घालवावे लागले. शिवाय दृष्टिहीन व्यक्ती वापरतात त्या वाचन-प्रणालीला स्कॅन केलेले पान मुकेच असते, याचा विचार तर क्वचितच होतो.

जिल्हा आणि तालुका पातळीवरील कार्यालयांनी आकडेवारीची कोणतीही पीडीएफ प्रसिद्ध करताना किंवा अर्जदाराला देताना ती ज्या तक्त्यावरून छापली तो तक्ताही सोबत द्यावा, तसे लेखी आदेश शासनाने काढावेत आणि ‘एकूण’वर शिक्का मारू नये, अशी आमची मागणी आहे. ओळ न् ओळ ताळा घेऊन आम्ही दुरुस्त केलेला तक्ता त्याच कार्यालयाला परत ईमेलने पाठवला आहे. पुढच्या अर्जदाराला तरी तो छापून, स्कॅन करून देऊ नये, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त लेखापरीक्षक