ऑपरेशन झालं म्हणून केस संपत नाही, साहेब

मा. आरोग्यमंत्री साहेब,

मी देवगड तालुक्यातली, घरची थोडी हापूसची कलमं आहेत आणि मुलगा 11 वर्षांचा. त्याच्या 22 व्या गुणसूत्राचा बारीक तुकडा जन्मापासूनच नाहीये, डीजॉर्ज सिंड्रोम म्हणतात त्याला. हृदयात छिद्र होतं ते अंगणवाडीत आलेल्या आरबीएसकेच्या, म्हणजे सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या टीमनेच पकडलं, ऑपरेशन फुकट झालं, त्याबद्दल आभार आधीच मानते, नाहीतर म्हणाल बाई नुसती गाऱ्हाणीच घालते.

पण छिद्र बुजलं आणि हॉस्पिटलची फाइल बंद. टाळूतल्या दोषामुळे तो नाकात बोलतो, पोरं चिडवतात, गणित डोक्यात शिरत नाही, आणि गेल्या पावसाळ्यापासून शाळेचं नाव काढलं की पोटात दुखतं, रात्री चार चार वेळा उठवून विचारतो आई कडी लावलीस ना. मी त्याला आळशी म्हटलंय, मारलंयसुद्धा. शेजारची काकी म्हणाली, "पोराक भायरचा काय तरी लागला हा, कौल लावन बघ." तोही लावला, खोटं कशाला बोलू.

शेवटी मुंबईच्या एका डॉक्टरबाईंनी सांगितलं की ही भीती, लक्ष न लागणं, सगळं त्याच नसलेल्या तुकड्यामुळे, आणि अशा मुलांत मोठेपणी साधारण चारातल्या एकाला स्किझोफ्रेनियासारखा गंभीर मानसिक आजार होतो, तेव्हा आत्तापासून लक्ष ठेवा. हे ऑपरेशनच्या वेळीच सांगितलं असतं तर निदान माझा हात तरी उठला नसता.

आणि लक्ष ठेवायचं कुणी? दर वेळी कणकवलीहून रात्रीची तुतारी एक्स्प्रेस, दादरला उतरायचं, गर्दीत तो माझा पदर सोडत नाही, आणि नवऱ्याचे फवारणीचे दोन दिवस जातात. अपंगत्वाचं सर्टिफिकेट मागायला गेलो तर आयक्यू 70 च्या वर आहे म्हणे, बसत नाही. शाळेला तो कमी पडतो आणि सर्टिफिकेटला जास्त होतो.

आरबीएसके 2013 पासून आहे, 18 वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे, वाढीतला उशीरही त्यात धरलाय. मग हृदय आणि टाळू दोन्हीत दोष असलेल्या मुलाची जनुकीय टेस्ट तिथेच का होऊ नये, आणि रिपोर्ट आला की वर्षातून एकदा वजन-उंचीसोबत झोप, भीती, शाळा हेही कुणीतरी विचारावं. आणि महिन्यातून एक दिवस मुलांचा मानसोपचार डॉक्टर सिंधुदुर्गात पाठवा. कणकवली, ओरोस, कुठेही चालेल, पहाटेच्या एसटीने येऊन नंबर लावू.

एक आई, देवगड