घटपर्णीच्या पाटीवर आई-बापांची नावे हवीत

महोदय,

हौसेने घटपर्णी (पानांच्या टोकांना कीटक पकडणारे घट धरणारी वनस्पती) लावणारे वाढत आहेत, याचा आनंद आहे. पण विकायच्या कुंडीत खोचलेल्या पाटीवर नुसते ‘हायब्रिड’ लिहिलेले असते, त्याबद्दल हे पत्र. मी नेपेंथिसचे, म्हणजे घटपर्णीच्या प्रजातीचे, संकरच (हायब्रिड) वाढवते आणि अशा पाटीचा मला काडीचा उपयोग होत नाही.

हुकेरियाना हा ॲम्प्युलारिया आणि राफ्लेसियाना या दोन जातींचा संकर. दोन्ही सखल, उष्ण जंगलांतल्या; त्याला रात्रीही ऊब आणि दमट हवा लागते. विलोसा ही जात मात्र बोर्निओतल्या किनाबालू पर्वतावर अडीच-तीन हजार मीटरवर वाढते. तिचा अंश असलेल्या रोपाला रात्री गारवा मिळाला नाही, तर ते खंगत जाते. पाटीवर दोघेही ‘हायब्रिड’च! व्हेंट्राटा हा काटक संकर तर कित्येकदा ‘अलाटा’ या मूळ जातीच्या नावानेच खपवला जातो. (तो नवशिक्यालाही साधतो, म्हणून निभावते.)

नेपेंथिसमध्ये नर झाड वेगळे, मादी झाड वेगळे. त्यामुळे आई कोण, बाप कोण हे नेमके सांगता येते. रिवाजाने आईचे नाव आधी, मग गुणाकाराची खूण, मग बापाचे. संकर करणारे माळी डॉमिनी यांचा संकर इंग्लंडच्या व्हीच नर्सरीने १८६२ मध्ये बाजारात आणला, तेव्हापासून हे कृत्रिम संकर होत आहेत. नोंद ठेवणे काही नवे नाही. एकाच बोंडातली भावंडेही सारखी निघत नाहीत, म्हणून रोप बियांपासूनचे की छाट कलमाचे, हेही लिहावे.

मेघालयातली खासियाना ही भारतातली एकमेव रानटी जात साइटिसच्या (वन्य जीव-वनस्पतींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या) पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या परिशिष्टात आहे. कुळी लिहिलेली असली, तर रोप जंगलातून उपटलेले नाही ना, हे विचारायला निदान धागा मिळतो.

नावे नसली की घट वाळताच लोक घाबरून शेणखत घालतात आणि नापीक जमिनीला सरावलेली मुळे जळतात. जुना घट वाळायचाच. नव्या पानांच्या टोकांना घट धरत नसतील, तर आधी उजेड आणि हवेतला ओलावा पाहावा. पाणी पावसाचे किंवा क्षार काढलेले द्यावे.

विक्रेत्यांना एकच विनंती: नावे शिसपेन्सिलीने लिहा, शाई उन्हाने उडते.

आपली,
एक वाचक