मे महिन्याचं तेवढं सांगायचं होतं

ती. आई आणि बाबा,

सा. न.

फोनवर सांगितलं असतं तर आई नुसतं "बरं" म्हणाली असती आणि फोन बाबांकडे दिला असता. मग बाबांनी इकडच्या हवेची चौकशी केली असती. ते "बरं" मला चांगलं ओळखू येतं, म्हणून लिहूनच पाठवतेय. मी या मे महिन्यात येत नाहीये. सासूबाईंना घेऊन वेल्सला जातेय. तिकिटं काढून झालीत. डिसेंबरात मुलांना घेऊन येते आणि चांगली राहून जाते. आंबे चुकतील, पण हुरडा मिळेल.

सासूबाईंच्या डोळ्यांचं तुम्हाला ठाऊक आहेच. समोरचं धूसर होत चाललंय, कडेचं तेवढं नीट दिसतं. डॉक्टर म्हणाले, जे पाहायचं राहिलं असेल ते आता पाहून घ्या. त्यांना नायगारा नको, पॅरिस नको. त्यांचा मूळ पुरुष १६८०च्या दशकात ज्या गावातून इकडे अमेरिकेत, पेन्सिल्व्हेनियाला आला, ते डॉल्गेथ्लाय नावाचं गाव पाहायचंय. आता तुम्ही म्हणाल, त्यांचा मुलगा आहे की न्यायला. आहे, पण त्याला तिथले कागद वाचता येत नाहीत. वेल्सची जुनी मृत्युपत्रं ॲबरिस्टविथच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत, आणि सतराव्या शतकातलं ते अक्षर त्याला अजिबात लागत नाही. मला लागतं. बाबा, याला जबाबदार तुम्ही आहात.

सगळ्या मैत्रिणी पोहायला जायच्या आणि मी तुमच्याशेजारी बोरू घेऊन मोडी गिरवत बसायची. आधी ओळ मारायची, मग तिच्याखाली अक्षरं ओढायची, हात उचलायचा नाही. इतिहास मंडळातून तुम्ही नकलून आणलेले कागद भिंग लावून वाचायचो. मी घाईनं शब्द ठोकून दिला की तुम्ही म्हणायचात, "अंदाज नको. अक्षर काय आहे ते सांग." आई कैरीची डाळ आणून ठेवायची आणि तुम्हाला ओरडायची की पोरीचे डोळे जातील. डोळे गेले नाहीत गं आई. उलट त्याच सवयीवर मी इथे भाव खाते. हॅवरफर्ड आणि स्वार्थमोर या इथल्या दोन कॉलेजांत क्वेकर या ख्रिस्ती पंथाची जुनी दप्तरं ठेवली आहेत. तिथेही मनात तुमचाच आवाज असतो: अंदाज नको.

आई, क्वेकर म्हणजे कोण ते तू पाहिलंयस. मागे आलीस तेव्हा त्यांच्या सभेला बसली होतीस. पुरोहित नाही, गाणं नाही, सगळे बाकांवर गप्प. कुणाला आतून काही उमटलं तर तो उठून बोलतो. तू नंतर म्हणालीस, "तासभर कुणी मोबाइल काढला नाही, हेच पुष्कळ." सासूबाईंचे पूर्वज म्हणजे तीच ही मंडळी. वेल्समध्ये त्यांचे फार हाल झाले. कोर्टात शपथ घ्यायची नाही, चर्चला दशमांश द्यायचा नाही, कुणापुढे टोपी काढायची नाही, असा त्यांचा बाणा. मग दंड व्हायचा, दंडापोटी गुरं ओढून न्यायची, नाहीतर तुरुंग. १६८१ मध्ये दुसऱ्या चार्ल्स राजानं विल्यम पेन या क्वेकराला पेन्सिल्व्हेनियाची सनद दिली आणि पेननं ५००० एकर १०० पौंडांना या दरानं जमीन विकायला काढली. वेल्सच्या क्वेकरांनी गट करून मिळून ४०,००० एकरांचा पट्टा मागितला. तिथे आपल्या भाषेत, आपल्या पद्धतीनं कारभार करू, असं त्यांच्या डोक्यात होतं. पेननं शब्द दिला, पण तोंडी. पुढे पट्टाही फुटला आणि कारभारही गेला. बाबा, तुम्ही कोकणातल्या जागेबद्दल जे म्हणता ना, कागद कुठाय, तेच इथेही. (आणि ती जमीन मुळात तिथल्या मूळ रहिवाशांची, लेनापे लोकांची. ते प्रकरण आणखी वेगळं.)

मेरियन, रॅडनर, ब्रिन मॉर ही आमच्या लोकलची स्टेशनं आहेत. मी रोज त्यांच्यावरून जाते. ही सगळी वेल्सची नावं आहेत हे मला इतकी वर्षं सुचलंही नव्हतं.

त्या काळी वेल्स-इंग्लंडहून येणाऱ्यांची जहाजवार यादी ठेवायची पद्धत नव्हती. जर्मन लोकांच्या याद्या आहेत, त्याही १७२७ पासून. मग माणूस सापडायचा कसा? क्वेकर गाव सोडून निघाले की तिथली मासिक सभा त्यांना दाखला देई: हा माणूस सरळ आहे, कर्ज नाही, लग्नाच्या बाबतीत मोकळा आहे. नव्या गावात तो दाखला दाखवायचा आणि तिथे तो वहीत उतरवून घ्यायचा. आमचा माणूस रॅडनरच्या वहीत तसाच सापडला. एरवी त्याला शोधणं कठीण, कारण वेल्समध्ये बापाचं नाव हेच आडनाव. बाप जॉन, तर मुलगा 'अमुक ॲप जॉन', आणि इकडे आल्यावर त्याचाच झाला जोन्स. एका वस्तीत एकाच नावाचे चारचार जण. आपल्या कुलवृत्तांतातल्या केशव गणेश आणि गणेश केशवांनी तुमचा जीव कसा खाल्ला होता ते आठवलं.

बाबा, पुढची गंमत खास तुमच्यासाठी. हे लोक वारांची आणि महिन्यांची नावं घेत नसत, कारण ती जुन्या देवांवरून पडलेली. पहिला दिवस, दुसरा दिवस. पहिला महिना, दुसरा महिना. पण १७५२च्या आधी पहिला महिना म्हणजे मार्च, आणि वर्ष बदलायचं २५ मार्चला. सासूबाईंच्या घरच्या जुन्या वहीत लिहिलंय की लग्न मे १६९२ मध्ये आणि पहिला मुलगा फेब्रुवारी १६९२ मध्ये. म्हणजे लग्नाआधीच मूल! त्यांच्या आत्या-मावश्या पिढ्यान् पिढ्या यावर कुजबुजत आल्या. वही लिहिणाऱ्यानं बाराव्या महिन्याचा फेब्रुवारी बरोबर केला आणि सन मात्र तसाच ठेवला. आपल्या हिशोबानं तो फेब्रुवारी १६९३. मे ते फेब्रुवारी, मोजा. मी सांगितल्यावर सासूबाई इतक्या हसल्या की चहा सांडला. शके, फसली आणि अधिक महिना यांच्यात वाढलेल्या मुलीला हे अवघड नव्हतंच.

त्यांच्या लग्नाचा कागद मी पाहिला. भटजी नाही, मंगलाष्टकं नाहीत. आधी दोन सभांमध्ये उभं राहून इरादा सांगायचा, मध्ये दोघांनी चौकशी करायची, आणि मग सगळ्यांसमोर एकमेकांना शब्द द्यायचा. जितके हजर तितक्यांच्या खाली सह्या, बायकांच्याही. नवरीला लिहिता येत नसावं. तिनं फुलीसारखी खूण केलीय, आणि शाई एका टोकाला फुटलीय. त्या खुणेवरून बोट फिरवावंसं वाटलं, पण हात लावायला मनाई.

सगळंच गोड नाही. तो वारला तेव्हा घरातल्या वस्तूंची यादी झाली. पिसांची गादी, लोखंडी भांडं, वेल्श बायबल, दोन गाई, चरखा. आणि घोडी नि बैलजोडी यांच्यामध्ये एका ओळीत 'एक निग्रो मुलगा', पुढे पौंडात किंमत. त्याचं नावही नाही. सासूबाई लहानपणापासून ऐकत आल्या होत्या की क्वेकर गुलामगिरीच्या विरुद्ध होते. होते, पण फार पुढे. १६८४ मध्ये फिलाडेल्फियाला इझाबेला जहाजातून दीडशे आफ्रिकी माणसं आली, त्यांना विकत घेणाऱ्यांत क्वेकरही होते. १६८८ मध्ये जवळच्याच जर्मनटाउनमध्ये चौघांनी निषेधाचं पत्र लिहिलं, पण वरच्या सभांनी ते बाजूला ठेवलं. गुलाम बाळगणाऱ्याला सभासद राहता येणार नाही, हे ठरायला १७७६ उजाडलं. मी ती ओळ वाचून दाखवली तेव्हा त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, वहीत उतरव, होती तिथेच, घोडी नि बैलांच्या मध्ये.

आता जरा अवघड बोलते, बाबा. रागवा, पण पुरतं वाचा.

या घराण्यातली एक मुलगी १७५०च्या दशकात बाहेरच्या माणसाशी चर्चमध्ये पाद्र्याकडून लग्न करून मोकळी झाली. क्वेकरांत हा मोठा गुन्हा. बायकांची वेगळी सभा असे, त्यांची वही वेगळी. त्यांनी दोघींना तिच्या घरी समजवायला पाठवलं. त्या परत येऊन सांगतात की ती प्रेमानं बोलली, पण केल्याचा पश्चात्ताप तिला नाही. पुढच्या सभेत तिला काढून टाकलं. पण सगळं लिहिलं: कुणाशी लग्न केलं, कुठे राहायला गेली, कोण भेटायला गेलं. आणि सासूबाई, तुमचे जावई, तुमची नातवंडं, सगळी त्या काढून टाकलेल्या मुलीच्याच वंशातली आहेत. तेवढा मजकूर वहीत नसता तर धागा तिथेच तुटला असता.

आपल्या कुलवृत्तांतात आजोबांच्या मुलांच्या पानावर शेवटची ओळ आहे: 'कनिष्ठ कन्या. पुढील माहिती उपलब्ध नाही.' बाबा, आत्या इंदूरला आहे. तिच्या हातचे दहीवडे मी खाल्लेत, आईनंच मला गुपचूप नेलं होतं. ती ओळ तुम्ही एकट्यानं लिहिलेली नाही, मला ठाऊक आहे. समिती होती, आजोबा होते, तो काळच तसा होता. माझ्या वेळी तुम्ही जावयाचं नाव, गाव, आईवडील सगळं नीट घातलंत. म्हणून तर विचारायचा धीर होतोय. दुसरी आवृत्ती छापायला जायच्या आधी आत्याचं पान भरा. तिला दोन मुलं आहेत, एक नात आहे. मजकूर तिलाच सांगू दे.

तुमची मे महिन्याची सोय करून ठेवलीय. पोळीवाल्या मावशी दोन्ही वेळा येतील, त्यांच्याशी बोलणं झालंय. हापूसची पेटी दरवर्षीच्या माणसाकडूनच येईल, पैसे गेलेत. आई, तू परत देऊ नकोस, मागच्या वेळी दिले होतेस. इन्व्हर्टरची बॅटरी बदलायला माणूस येईल, त्याला चहा द्या पण जुनी बॅटरी नेल्याशिवाय सोडू नका. गुडघ्याच्या व्यायामाला ती मुलगी येईल. आई, "आज नको, पाहुणे आलेत" हे तिनं मला सांगितलंय. पाहुण्यांसमोर कर व्यायाम.

बाबा, थायरॉइडची गोळी चहाच्या आधी, चहाबरोबर नाही. स्कूटरची किल्ली आईकडे द्या. मंडळात जायचं तर रिक्षा करा, आणि रिक्षावाल्याशी पाच रुपयांवरून इतिहास काढू नका. वृत्तांताच्या कागदांची पेटी काढायला माळ्यावर अजिबात चढायचं नाही. डिसेंबरात मी काढते. तोवर आत्याचं पान साध्या वहीत लिहून ठेवा, देवनागरीत.

माझी काळजी नको. भाजणीचा डबा अजून अर्धा आहे. सासूबाईंना थालीपीठ आवडतं, त्या त्यावर मेपल सिरप घालतात. आई, तू हे वाचलं नाहीस असं समज.

आत्या सकाळी फिरायला जाते, दहानंतर घरी असते. नंबर आईच्या दूधवाल्याच्या वहीत शेवटच्या पानावर आहे, पेन्सिलीनं. आधी आईनं बोलावं. बाबा, तुम्ही नंतर घ्या फोन, आणि हवेबद्दल विचारलंत तरी चालेल.

तुमची,
ठकी

ता. क. वेल्समध्ये मे महिन्यातही गार असतं म्हणतात. आईनं विणलेला निळा स्वेटर नेतेय. कोपराला उसवलाय, डिसेंबरात आणते, लोकर आणून ठेव.